यंत्राची मालकी आणि आज्ञावलीचा परवाना



जुन्या पुस्तकांचा व्यापार महाराष्ट्रातील वाचकांना नवा नाही. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर ज्याने कधी एखादे जुने पुस्तक निम्म्या किमतीत घेतले असेल, त्याच्या मनात एक शंका सहसा येत नाही. हे पुस्तक विकण्याचा अधिकार या विक्रेत्याला आहे काय, ही ती शंका होय. ती न येणे योग्यच आहे. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाने पुस्तकाच्या प्रती लोकांत प्रसृत करण्याचा अधिकार लेखकाला दिला आहे. परंतु जी प्रत आधीच प्रचारात आली आहे, ती त्या अधिकारातून वगळली आहे. एकदा विकली गेलेली प्रत प्रचारात आलेलीच मानावी, असे स्पष्टीकरणही कलम १४ ला जोडलेले आहे. पुस्तकाची नवी प्रत छापणे हा गुन्हा ठरू शकतो. हातातील प्रत विकणे हा ठरत नाही.

जुन्या संगणकाविषयी मात्र एवढ्या निश्चिंतपणे बोलता येत नाही. जुना संगणक विकत घेणारा माणूस एका पिशवीत दोन वस्तू घरी नेत असतो. त्यातील पहिली वस्तू म्हणजे धातू, काच आणि सिलिकॉन यांचे बनलेले यंत्र. ते पुस्तकासारखेच निःसंदिग्धपणे विकत घेता येते. दुसरी वस्तू म्हणजे त्या यंत्राला चालविणारी आज्ञावली, जिला व्यवहारात सॉफ्टवेअर म्हणतात. ही दुसरी वस्तू बहुधा विकलेली नसतेच. ती वापरण्याची परवानगी तेवढी दिलेली असते. यंत्र एका हातातून दुसऱ्या हातात जाते, तेव्हा ही परवानगी त्याच्याबरोबर जाते किंवा नाही, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत व्याख्यानात करावयाचा आहे. प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो. परंतु नवा संगणक घेण्याची ऐपत नसलेला विद्यार्थी, दानात मिळालेल्या यंत्रांवर अवलंबून असलेली खेड्यातील शाळा आणि जुनी यंत्रे दुरुस्त करून पोट भरणारा कारागीर, या तिघांचेही हित त्याच्या उत्तरात गुंतलेले आहे.

ही स्थिती नेहमी अशी नव्हती. एके काळी ती अगदी उलट होती, आणि त्याचे एक उदाहरण मुंबईतच सापडते. १९६० नंतरच्या दशकात आयबीएम ही अमेरिकन कंपनी परदेशांत वापरून झालेली १४०१ या जातीची संगणक यंत्रे भारतात आणीत असे, मुंबईतील आपल्या कारखान्यात त्यांची डागडुजी करीत असे, आणि नंतर ती येथील कंपन्यांना व सरकारी कार्यालयांना भाड्याने देत असे. म्हणजे जुन्या संगणकांच्या पुनर्नूतनीकरणाचा उद्योग या देशाला सुमारे साठ वर्षांपूर्वीपासून ठाऊक आहे. त्या व्यवहारात यंत्र ग्राहकाच्या मालकीचे होत नसे. आज्ञावली मात्र यंत्रासोबत येई, आणि तिची वेगळी किंमत कोणी मागत नसे. परकीय चलन नियमन कायद्याखाली भारतीय भागभांडवल वाढविण्याची अट मान्य न झाल्याने आयबीएमने १९७८ मध्ये भारतातील आपला व्यवसाय आवरला आणि मागे राहिलेल्या यंत्रांच्या देखभालीचे काम कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीकडे आले.

तोपर्यंत जगाच्या बाजारात एक मोठा पालट घडून आला होता. जून १९६९ मध्ये, मक्तेदारीविरोधी खटल्याच्या छायेत असताना, आयबीएमने अमेरिकेत यंत्राची आणि आज्ञावलींची किंमत वेगवेगळी आकारण्याचा निर्णय जाहीर केला होता. आज्ञावली ही स्वतंत्र व्यापाराची वस्तू झाली ती तेव्हापासून. पुढे घरगुती संगणक आले, यंत्रे स्वस्त झाली आणि ती सर्रास विकत मिळू लागली. याप्रमाणे व्यवहार उलटा फिरला. पूर्वी यंत्र भाड्याचे असे आणि आज्ञावली त्याच्यामागोमाग येई. आता यंत्र मालकीचे झाले आणि आज्ञावली परवान्याची. जुन्या संगणकाच्या विक्रीतील सारी गुंतागुंत या एका पालटातून निर्माण झाली आहे.

भारतीय कायद्याने या पालटाची दखल टप्प्याटप्प्याने घेतली. १९८४ च्या दुरुस्तीने संगणक आज्ञावलीला साहित्यकृतींच्या वर्गात स्थान दिले. त्यानंतर १९९४ ची दुरुस्ती १० मे १९९५ पासून अमलात आली. तिने आज्ञावलीची प्रत विकण्याचा व भाड्याने देण्याचा अधिकार कॉपीराइटच्या धन्याला दिला, आणि त्यापुढे एक लक्षणीय शब्दसमूह जोडला. ती प्रत पूर्वी विकली गेली असो वा नसो, हा अधिकार कायम राहील, असा त्याचा आशय होता. याचा अर्थ असा की, अक्षरशः वाचावयाचे झाल्यास, त्या काळात रीतसर विकत घेतलेली आज्ञावलीची तबकडी दुसऱ्याला विकण्यासाठीही मूळ धन्याची संमती घ्यावी लागली असती. जुन्या पुस्तकाच्या विक्रेत्याला जे स्वातंत्र्य होते, ते जुन्या तबकडीच्या विक्रेत्याला नव्हते. १९९९ च्या दुरुस्तीने हा शब्दसमूह काढून टाकला, आणि ती दुरुस्ती १५ जानेवारी २००० पासून लागू झाली. यानंतर सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये, टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस आणि आंध्र प्रदेश सरकार यांच्यातील विक्रीकराच्या वादात, माध्यमावर नोंदलेली तयार आज्ञावली हा ‘माल’ आहे असे ठरविले. मार्च २०२१ मध्ये आयकराच्या एका मोठ्या वादात त्याच न्यायालयाने आज्ञावलीची प्रत विकणे आणि तिच्यातील कॉपीराइट देणे या दोन भिन्न गोष्टी असल्याचे स्पष्ट केले. १९९९ मध्ये वगळलेल्या त्या शब्दांची दखलही निकालात घेतली गेली. कर आकारणीसाठी उद्भवलेल्या या वादांचा जुन्या संगणकाच्या गिऱ्हाइकाला अप्रत्यक्ष उपयोग एवढाच, की विकली गेलेली प्रत आणि तिच्यातील हक्क यांची गल्लत करू नये, हे तत्त्व दृढ झाले.

परंतु पुढील विक्रीवरचा निर्बंध सैल होणे म्हणजे नक्कल करण्याची मोकळीक मिळणे नव्हे. कलम ५२ नुसार आज्ञावलीची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला ती ज्या कामासाठी मिळाली त्या कामापुरती नक्कल करता येते, आणि नाश किंवा बिघाड यांपासून तात्पुरते संरक्षण म्हणून एक राखीव प्रतही ठेवता येते. याच्या पलीकडे गेल्यास कलम ६३ ख लागू होते. अनधिकृत प्रत आहे हे ठाऊक असूनही जो ती संगणकावर वापरतो, त्याला किमान ७ दिवस व कमाल ३ वर्षे कारावास, आणि किमान ५०,००० व कमाल २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल, तर निकालपत्रात विशेष कारणे नमूद करून न्यायालयाला कारावास टाळता येतो. या कलमाची धार विक्रेत्यावरच नव्हे, तर वापरणाऱ्यावरही आहे, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते.

आता हे नियम प्रत्यक्ष व्यवहारात कसे लागू पडतात, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू जाता विषय अधिक उलगडेल. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की दिल्लीचे नेहरू प्लेस, जुन्या संगणकांचा माल तेथून देशभर पसरतो. समजा, जयपूरच्या तिलक नगर वसाहतीत राहून राजस्थान विद्यापीठात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने एका व्यापाऱ्याकडून जुना लॅपटॉप घेतला. तो पूर्वी एखाद्या मोठ्या कंपनीच्या कार्यालयात वापरला गेला होता. लॅपटॉप उघडताच विंडोज ही ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होते, आणि लिहिण्याची व हिशेबाची आज्ञावलीही चालते. विद्यार्थिनीच्या दृष्टीने सारे ठीक आहे. परंतु तिच्यापुढे चाललेल्या या विंडोजमागे चार वेगवेगळ्या हकिकती असू शकतात.

पहिली हकिकत सर्वांत साधी. यंत्र कारखान्यातून बाहेर पडतानाच उत्पादकाने त्यात विंडोज घातलेले असते. हा परवाना त्या एकाच यंत्राशी, विशेषतः त्याच्या मुख्य फलकाशी म्हणजे मदरबोर्डशी, बांधलेला असतो. यंत्र विकले तर तो त्याच्याबरोबर जातो. यंत्र निकामी झाले तर तो त्याच्याबरोबरच संपतो. विंडोज ७ पर्यंतच्या यंत्रांच्या अंगावर या परवान्याची चिठ्ठी चिकटविलेली असे. २०१२ च्या विंडोज ८ पासून परवान्याची किल्ली यंत्राच्या आतील स्थायी स्मृतीतच कोरलेली असते. भंगारात गेलेल्या यंत्राची चिठ्ठी सोलून दुसऱ्या यंत्राला लावण्याचा जो प्रकार चालत असे, तो या नियमाप्रमाणे व्यर्थ ठरतो, कारण चिठ्ठी म्हणजे परवाना नव्हे. ती केवळ त्या विशिष्ट यंत्राच्या परवान्याची खूण असते.

दुसरी हकिकत अशी की, विंडोज स्वतंत्रपणे दुकानातून विकत घेतलेले असते. असा परवाना एका यंत्रावरून काढून दुसऱ्यावर नेता येतो, आणि तो संपूर्णपणे, स्वतःकडे काहीही न ठेवता, दुसऱ्या व्यक्तीला देताही येतो. तिसरी हकिकत मोठ्या संस्थांच्या यंत्रांत आढळते. संस्थेने शेकडो यंत्रांसाठी एकत्रित परवाना घेतलेला असतो. तो संस्थेचा असतो, यंत्राचा नव्हे; यंत्र विकले किंवा दान केले की तो संस्थेकडेच राहतो, आणि यंत्रावरील ती प्रत पुसून टाकावी लागते. मात्र येथे एक दिलासा आहे. विंडोजचा असा सामूहिक परवाना हा सामान्यतः वरच्या आवृत्तीकडे नेणारा असतो. त्याखाली कारखान्यातून आलेला मूळ परवाना शाबूत असतो. म्हणून संस्थेची प्रत पुसून मूळ आवृत्ती पुन्हा बसविली, तर तिलक नगरातील त्या विद्यार्थिनीचे विंडोज पूर्णपणे कायदेशीर होते. व्यापाऱ्याला याची माहिती नसल्यामुळे, जी गोष्ट फुकट आणि वैध मार्गाने साधली असती, ती तो कित्येकदा अवैध मार्गाने करतो.

चौथी हकिकत म्हणजे हा अवैध मार्ग. परवान्याची तपासणी फसविणारी एखादी छोटी आज्ञावली यंत्रात सोडून विंडोज चालू केलेले असते. अशी आज्ञावली कोणी लिहिली आणि तिच्या पोटात आणखी काय दडले आहे, हे ना व्यापाऱ्याला ठाऊक असते ना गिऱ्हाइकाला. तिच्यामुळे कायद्याचा भंग तर होतोच. शिवाय जिच्यात विद्यार्थिनीची बँकेची आणि परीक्षेची माहिती राहणार आहे, त्या यंत्राचे दार अनोळखी माणसासाठी उघडे राहते. लिहिण्याची व हिशेबाची आज्ञावली हा आणखी निराळा प्रश्न आहे. तिचा परवाना विंडोजच्या परवान्यात येत नाही. आजकाल तो बहुधा एखाद्या व्यक्तीच्या खात्याशी जोडलेला असतो, आणि खाते यंत्राबरोबर विकले जात नाही.

जुन्या यंत्राचा प्रामाणिक व्यापारी येथे आणखी एका पेचात सापडतो. पूर्वीच्या मालकाची कागदपत्रे, छायाचित्रे आणि संकेतशब्द नव्या मालकाच्या हाती पडू नयेत, म्हणून यंत्राची तबकडी संपूर्ण पुसणे हे त्याचे पहिले कर्तव्य असते. परंतु तबकडी पुसली की त्याबरोबर ऑपरेटिंग सिस्टिमही जाते. परवाना यंत्रापाशी आहे, पण प्रत नाही, अशी स्थिती उत्पन्न होते. ती प्रत पुन्हा कोठून आणावयाची, या प्रश्नातून अमेरिकेत एक खटला उभा राहिला, आणि त्याचा शेवट कारावासात झाला.

एरिक लंडग्रेन हे इलेक्ट्रॉनिक कचऱ्याच्या पुनर्वापराच्या क्षेत्रातील परिचित नाव होते. डेल कंपनीच्या यंत्रांत विंडोज पुन्हा बसविण्याच्या सुमारे २८,००० तबकड्या त्यांनी चीनमध्ये तयार करवून घेतल्या. यंत्रे पुनर्नूतनीकरण करणाऱ्यांना त्या पुरवाव्यात, असा बेत होता. या तबकड्यांवरील आज्ञावली परवाना असलेल्या यंत्रावरच उपयोगी पडत असे, आणि डेलचे ग्राहक ती विनामूल्य उतरवून घेऊ शकत होते. म्हणून तिला स्वतःचे असे मोल नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. न्यायालयाला तो पटला नाही. लहान पुनर्नूतनीकरण व्यावसायिकांना मायक्रोसॉफ्ट ज्या दराने परवान्यासह तबकडी देत असे, तो दर गृहीत धरून प्रत्येक तबकडीचे मूल्य २५ डॉलर धरले गेले. लंडग्रेन यांनी गुन्हा कबूल केला होता. त्यांना १५ महिने कारावास आणि ५०,००० डॉलर दंड झाला, आणि एप्रिल २०१८ मध्ये अपील न्यायालयानेही ती शिक्षा कायम ठेवली. जुनी यंत्रे वाचवू पाहणाऱ्या माणसाला एवढी शिक्षा व्हावी काय, याविषयी दुमत असू शकेल. व्यापाऱ्याने घ्यावयाचा बोध मात्र स्पष्ट आहे. वापरण्याची परवानगी आणि प्रत तयार करण्याची परवानगी या एक नव्हेत. यंत्रापाशी परवाना आहे म्हणून कोणीही त्याच्यासाठी तबकड्या छापाव्यात, असे होत नाही. प्रत ही उत्पादकाकडून किंवा मायक्रोसॉफ्टकडूनच घ्यावी लागते. यासाठीच मायक्रोसॉफ्टने नोंदणीकृत पुनर्नूतनीकरण व्यावसायिकांची एक योजना आखली, आणि तिच्यानुसार जुन्या यंत्रासाठी नवा परवाना व नवी चिठ्ठी मिळू लागली.

इतर देशांतील न्यायालयांनीही हा प्रश्न हाताळला आहे, आणि त्यांची उत्तरे एकसारखी नाहीत. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने जुलै २००० मध्ये असा निर्णय दिला की, नव्या यंत्राबरोबरच विकावयाची म्हणून बाजारात आलेली विंडोजची प्रत पुढच्या विक्रेत्याने स्वतंत्रपणे विकली, तर त्याला कॉपीराइटच्या बळावर रोखता येणार नाही. २०१२ मध्ये युरोपीय न्यायालयाने युजसॉफ्ट आणि ओरॅकल यांच्या वादात आणखी पुढे जाऊन ठरविले की, अमर्याद मुदतीसाठी मोबदला घेऊन दिलेला परवाना ही विक्रीच होय, आणि पहिल्या धन्याने आपली प्रत निरुपयोगी केली असेल तर तो ती विकू शकतो. त्याच न्यायालयाने २०१६ मध्ये लॅटव्हियातून आलेल्या एका प्रकरणात मर्यादाही आखून दिली. मूळ तबकडी खराब झाली म्हणून राखीव प्रत विकावयाची असेल, तर धन्याची संमती हवी. अमेरिकेत याच्या उलट झाले. टिमोथी व्हर्नर यांनी एका कार्यालयाकडून घेतलेल्या ऑटोकॅडच्या जुन्या प्रती लिलावात विकावयास काढल्या. खालच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. परंतु सप्टेंबर २०१० मध्ये अपील न्यायालयाने तो फिरविला. मूळ ग्राहक हा प्रतीचा मालक नव्हे, केवळ परवानाधारक होता. ज्याला स्वतःला मालकी नव्हती, तो ती दुसऱ्याला कशी देणार, असा त्या निकालाचा गाभा होता. एकाच वस्तूला एका खंडात विक्री आणि दुसऱ्या खंडात केवळ परवानगी म्हटले गेले. भारतीय अधिनियमाने राखीव प्रतीच्या कलमात ‘मालक’ हा शब्द न वापरता ‘कायदेशीरपणे बाळगणारा’ असा शब्द योजला आहे. तो अधिक उदार आहे, आणि जुन्या यंत्राच्या प्रामाणिक गिऱ्हाइकाला त्याचा आधार घेता येण्यासारखा आहे.

या साऱ्या गुंत्यातून बाहेर पडण्याचा एक सरळ मार्ग गेली चार दशके खुला आहे. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त आज्ञावलींची चळवळ सुरू केली, १९८९ मध्ये तिचा सार्वजनिक परवाना तयार झाला, आणि १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांच्या लिनक्समुळे तिला ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा मिळाला. या आज्ञावलींचा परवाना यंत्राशी बांधलेला नसतो आणि व्यक्तीशीही नसतो. व्यापाऱ्याने तीच प्रत शंभर यंत्रांत घातली तरी तो कोणाचा अपराधी होत नाही. अर्थात येथेही परवाना आहेच, आणि त्याच्या अटीही आहेत. सार्वजनिक परवान्याखालील आज्ञावली यंत्रात घालून विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला तिची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, मिळण्याची सोय केली पाहिजे, आणि पुढे वाटण्याचा तिचा अधिकार हिरावता कामा नये. सी-डॅक या संस्थेने २००७ मध्ये तयार केलेली बॉस ही भारतीय लिनक्स प्रणाली मराठीतही चालते. केरळच्या सरकारी शाळांनी तर कित्येक वर्षे मुक्त आज्ञावलींवरच संगणक शिक्षण चालविले आहे. विंडोजवरच चालणारी विशिष्ट आज्ञावली ज्याला हवी, त्याची अडचण याने सुटत नाही, हे मान्य केले पाहिजे. लिहिणे, वाचणे, हिशेब करणे आणि इंटरनेट पाहणे एवढीच ज्या शाळेची किंवा विद्यार्थ्याची गरज आहे, त्याची मात्र ती पूर्णपणे सुटते.

या प्रश्नाला अलीकडे तातडीही आली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारे नियमित साहाय्य, मर्यादित मुदतीची वाढीव सोय वगळता, थांबले. विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चकती अनेक जुन्या यंत्रांत नाही. ही यंत्रे चालू स्थितीत आहेत, त्यांचा परवानाही वैध आहे, पण त्यांची ऑपरेटिंग सिस्टिम सुरक्षित राहिलेली नाही. अशी यंत्रे कार्यालयांतून बाहेर पडून जुन्या बाजारात येणे स्वाभाविक आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी पुनर्नूतनीकरण करणाऱ्यांना नोंदणीकृत व्यावसायिकाचा दर्जा दिला आहे, ही समाधानाची गोष्ट होय. मात्र या नियमांचा रोख कचऱ्यावर आहे. यंत्राच्या आतील परवान्याची जबाबदारी ज्याची त्यानेच उचलावी लागते.

ती उचलणे फारसे अवघड नाही. यंत्र देणाऱ्या कंपनीने किंवा संस्थेने तबकडी पुसावी, आपला सामूहिक परवाना काढून घ्यावा, आणि यंत्राबरोबर मूळ परवान्याचा उल्लेख असलेला एक कागद द्यावा. व्यापाऱ्याने पावतीवर दोन ओळी लिहाव्यात: यंत्रात कोणती ऑपरेटिंग सिस्टिम आहे, आणि तिचा परवाना कोणत्या मार्गाने आला आहे. तो मार्ग उत्पादकाचा, किरकोळ विक्रीचा की संस्थेचा, हे यंत्राला एक छोटी आज्ञा देऊन पाहता येते. आणि गिऱ्हाइकाने, मग ते तिलक नगरातील विद्यार्थिनी असो वा जिल्हा परिषदेच्या शाळेचे मुख्याध्यापक, या दोन ओळी मागाव्यात. त्या देण्यास व्यापारी कचरत असेल, तर मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम घालून द्या, असे सांगावे. यंत्राची किंमत ठरविताना बॅटरी किती टिकते आणि पडद्यावर चरा आहे काय, हे सारेजण बारकाईने पाहतात. परवान्याची चौकशीही त्याच यादीत यावी. तसे झाले, तर हजारो चांगली यंत्रे भंगारापासून वाचतील, आणि ती वापरणाऱ्या गरजू माणसाला आपण कोणाचे काही चोरले आहे, अशी भीती बाळगण्याचे कारण उरणार नाही.